स्नो ते सीरम : एक कुळकथा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लागणाऱ्या उटण्यात काय काय असते, असे विचारले तर घरातील वडीलधारी मंडळी बोटांवर मोजून सांगतात: आंबेहळद, कापूरकचरी, नागरमोथा, वाळा, चंदन, संत्र्याची वाळवलेली साल, गुलाबाच्या पाकळ्या, मसुराचे पीठ. त्याच घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला तिच्या आरशापुढील बाटल्यांत काय आहे असे विचारले, तर तीही तितक्याच सफाईने सांगते: नायासिनामाइड १० टक्के, सॅलिसिलिक ॲसिड २ टक्के, रेटिनॉल अर्धा टक्का, व्हिटॅमिन सी. पहिली यादी कोठून आली ते सर्वांना ठाऊक आहे. आजीला तिच्या आजीने सांगितली. दुसरी यादी कोठून आली हे मुलीला ठाऊक नाही, आईला नाही, आणि बाटली विकणाऱ्याला तर नाहीच नाही.

मराठी घरांत चेहऱ्याला लावायच्या कोणत्याही पांढऱ्या क्रीमला दोन पिढ्या 'स्नो'च म्हणत आल्या. 'स्नो-पावडर' हा जोडशब्दच होऊन बसला होता. १८९२ मध्ये बरोज वेलकम या कंपनीने हेझलीन स्नो बाजारात आणला. पुढे १९१९ मध्ये मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी अफगाण स्नो काढला आणि तो शब्द तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. स्नो म्हणजे काय, तर स्टिअरिक आम्लाचा काही भाग क्षाराने साबणात बदलायचा आणि त्यात पाणी व सुगंध घोटायचा. बोटाने चोळला की दिसेनासा होतो, कातडीवर बसतो, तिला मऊ ठेवतो. कातडीच्या आत जाऊन पेशींच्या कारभारात तो ढवळाढवळ करीत नाही.

आजच्या बाटलीतले द्रव्य मात्र नेमके तेच करते. इंग्रजीत त्याला ॲक्टिव्ह म्हणतात, आपण क्रियाशील द्रव्य म्हणू. या द्रव्यांची कुळे शोधू लागले की एक गोष्ट लक्षात येते. यांतले जवळजवळ कोणीही सौंदर्याच्या दालनात जन्माला आलेले नाही. कोणी दुष्काळी मुलखातल्या रोग्यांच्या खाटेजवळ जन्मले, कोणी चामडे कमावण्याच्या कारखान्यात, कोणी तुरुंगात. आणि किती लावावे, कधी थांबावे, हे जे आज बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेले असते, ते कोणाच्या तरी कातडीवर शिकलेले आहे. म्हणून ही कुळकथा सांगावीशी वाटते.

सुरुवात नायासिनामाइडपासून करू, कारण ते आपल्या भाकरीच्या जवळचे आहे. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल नावाच्या वैद्याने मका खाऊन जगणाऱ्या गरिबांत एक रोग पाहिला. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातांची, पायांची, गळ्याभोवतीची कातडी काळीलाल होऊन सोलून निघत असे. गळ्यातल्या त्या पट्ट्याला वैद्यकात अजून कासालची माळ म्हणतात. इटलीत या रोगाला पेलाग्रा हे नाव मिळाले. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या आरंभी तो इतका पसरला, की हा कुठल्या तरी जंतूचा संसर्ग असावा असे भल्याभल्यांचे मत होते. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरला ते पटेना. १९१५ मध्ये त्याने मिसिसिपीच्या एका तुरुंग-शेतावरील बारा कैद्यांना, शिक्षामाफीच्या बोलीवर, मका आणि तत्सम निकृष्ट अन्नावर ठेवले. अकरा जण शेवटपर्यंत टिकले. त्यांतल्या सहांना पेलाग्रा झाला. रोग अन्नातल्या उणिवेचा होता. ही उणीव कशाची, ते १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेयम याने कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवून दिले: निकोटिनिक आम्ल, म्हणजे आपण ज्याला नायासिन म्हणतो ते. नायासिनामाइड हे त्याचेच भावंड.

आता हैदराबादेकडे वळू. तिथले आपले वाचक आजची राष्ट्रीय पोषण संस्था ओळखतात. ती १९५८ मध्ये कुन्नूरहून हैदराबादला आली. दख्खनच्या पठारावर मका खाणारे थोडे, पण पेलाग्राचे रोगी तिथल्या डॉक्टरांना दिसत होते आणि ते ज्वारी खाणारे होते. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले, की ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाचे आधिक्य शरीराच्या नायासिनच्या हिशेबात घोटाळा करते. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ वाद झाला. पण ज्वारीबरोबर डाळ, दूध, भाजी पोटात गेली की हा रोग होत नाही, हे निश्चित. पिठल्याशिवाय भाकरी नको म्हणणारी आपली माणसे अगदीच अडाणी नव्हती.

तर ज्या द्रव्यावाचून कातडी सोलून निघते, ते वरून लावले तर काय होईल? २००२ मध्ये संशोधकांच्या एका गटाने दाखवले, की कातडीतला रंग जेथे तयार होतो त्या पेशीतून वरच्या पेशींकडे होणारी रंगाची ने-आण नायासिनामाइडमुळे मंदावते. त्यासाठी त्यांनी ५ टक्क्यांचे मलम वापरले होते. मुरुमांवर ४ टक्क्यांचा जेल उपयोगी पडतो हे १९९५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. आज दुकानात १० टक्क्यांची बाटली सर्रास मिळते आणि १५ची मागितली तर तीही मिळते. टक्के दुप्पट केले की गुण दुप्पट होतो, हा हिशेब परीक्षेतल्या गुणांना लागू असेल, कातडीला नाही. चार-पाच टक्क्यांवर भागते तेथे दहाचा आग्रह धरला, तर काही जणींचा चेहरा लाल होऊन चुरचुरतो आणि मग दोष द्रव्याला मिळतो. एरवी नवशिक्यासाठी याच्याइतके सोशिक द्रव्य दुसरे नाही.

आम्लांची गोष्ट त्याहून जुनी. आंबलेल्या दुधातून कार्ल शेले याने १७८० मध्ये लॅक्टिक आम्ल वेगळे काढले. म्हणजे आपल्या आज्या ताकाने तोंड धुवत, त्यातलेच ते. विलोच्या सालीतल्या द्रव्यापासून राफाएले पिरिया याने १८३८ मध्ये सॅलिसिलिक आम्ल केले, आणि १८८०च्या दशकात हॅम्बुर्गच्या पाउल गेर्सोन ऊना या त्वचारोगतज्ज्ञाने ते कातडीचा जाड थर सोलण्यासाठी पद्धतशीर वापरले. भोवरी काढायच्या पट्टीत आजही हेच असते. हे आम्ल तेलात विरघळते, म्हणून तेलाने बुजलेल्या रंध्रांत शिरू शकते. मुरुमांसाठी अर्धा ते २ टक्के एवढेच पुरते. भोवरीच्या पट्टीत त्याच्या कितीतरी पट असते, हे कोणी चेहऱ्यावर पट्टी लावायचा विचार करीत असेल तर ध्यानात घ्यावे.

लॅक्टिक, ग्लायकोलिक या फळा-दुधातल्या आम्लांना औषधात मान मिळाला तो १९७४ मध्ये. अमेरिकेत यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांसमोर इक्थिओसिसचे रोगी होते. या जन्मजात विकारात कातडीवर माशासारखी खवले धरतात. ही आम्ले लावल्यावर खवले सुटून खाली मऊ कातडी दिसू लागली. त्या रोग्यांना केवढा दिलासा मिळाला असेल! सुरकुत्यांचा बाजार पुढे त्यावर उभा राहिला. बाजारातल्या आम्लांची एक सुरक्षित मर्यादा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन तज्ज्ञांच्या समितीने घालून दिली: ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक १० टक्क्यांच्या आत, आम्लता पीएच ३.५ पेक्षा तीव्र नको, आणि बरोबर उन्हापासून संरक्षण हवेच. लिंबाचा रस पीएच २च्या आसपास असतो. शिवाय लिंबाच्या सालीत अशी द्रव्ये असतात, की ती लागलेल्या जागी ऊन पडले तर कातडी भाजून काळी पडते. 'घरगुती आहे, अपाय नाही' म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळणारीने दुकानातल्या बाटलीला घाबरावे, हा मोठा विनोद आहे.

आता रेटिनॉइडांकडे येऊ. या घराण्याची कीर्ती सर्वांत मोठी आणि त्याचा इतिहास सर्वांत अस्वस्थ करणारा.

लोण्यातल्या स्निग्धांशात वाढीला लागणारे काहीतरी आहे, हे एल्मर मॅक्कॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांनी १९१३ मध्ये सांगितले. तेच पुढे अ जीवनसत्त्व ठरले. त्याचे आम्ल, म्हणजे ट्रेटिनॉइन, कातडीवर लावून पाहण्याचे काम १९६२च्या सुमारास जर्मनीत ग्युंटर श्ट्युटगेन याने केले. पण त्याला जगभर नेले ते फिलाडेल्फियाच्या डॉ. अल्बर्ट क्लिगमन याने. १९६९ मध्ये मुरुमांवरील त्याचा व सहकाऱ्यांचा निबंध आला, १९७१ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने परवानगी दिली. आजही मुरुमांवर जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ ज्या औषधाकडे पहिल्यांदा वळतात, ते याच घराण्यातले.

क्लिगमनची प्रयोगशाळा म्हणजे फिलाडेल्फियाचा होम्सबर्ग तुरुंग. १९५१ ते १९७४ अशी तेवीस वर्षे तेथील कैद्यांच्या पाठींवर, दंडांवर नाना द्रव्ये लावून पाहिली गेली. कैद्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. थोडे डॉलर मिळत, आणि तुरुंगात थोडे डॉलर ही मोठी रक्कम असते. आपल्याला काय लावले जात आहे, हे अनेकांना धड सांगितले गेले नव्हते. त्या तुरुंगात प्रथम पाऊल टाकले तेव्हा आपल्याला माणसे दिसलीच नाहीत, एकरच्या एकर कातडी पसरलेली दिसली, अशा अर्थाचे उद्गार क्लिगमनने स्वतः एका वृत्तपत्रापाशी काढले होते. ॲलन हॉर्नब्लम याने १९९८ मध्ये या प्रकरणावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावही 'एकर्स ऑफ स्किन' असेच आहे. शेतकऱ्याच्या तोंडी शोभणारी उपमा डॉक्टरच्या तोंडी किती भयानक वाटते. क्लिगमन २०१० मध्ये वारला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये माफी मागितली. ज्यांची कातडी वापरली, त्यांतले कितीतरी तोवर मातीआड झाले होते.

मग औषध टाकून द्यायचे काय? माझे मत तसे नाही. ज्या ज्ञानासाठी एवढी किंमत मोजली गेली, ते निष्काळजीपणे वापरणे हा त्या माणसांचा दुसरा अपमान होईल. आणि ते ज्ञान असे: ट्रेटिनॉइन काम करते, पण आधी छळते. १९८८ च्या जानेवारीत मिशिगनच्या डॉक्टरांनी उन्हाने जून झालेल्या कातडीवरचा सोळा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. रोगी तीसच होते. सुरकुत्या कमी झाल्या, या बातमीने अमेरिकेत औषधाच्या दुकानांवर झुंबड उडाली. त्याच निबंधात हेही होते, की औषध लावलेल्या बहुतेकांच्या कातडीला दाह झाला. ते फारसे कोणी वाचले नाही. आज मिळणारे रेटिनॉल हे या आम्लाचे सौम्य पूर्वरूप. कातडीत गेल्यावर दोन पायऱ्या ओलांडून ते आम्लात बदलते, म्हणून संथ आणि सोसवणारे. ट्रेटिनॉइन आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायचे औषध आहे. गर्भार बाईने, किंवा दिवस राहावेत अशी इच्छा असलेल्या बाईने, या घराण्यातले काहीही लावू नये, रेटिनॉलसुद्धा नाही.

रेटिनॉल सोसत नाही अशांसाठी अलीकडे बाकुचिऑल नावाचे द्रव्य पुढे आले आहे. परदेशी बाटलीवर ते नाव वाचून पुष्कळांना ते कुठले फ्रेंच प्रकरण वाटते. ते आपली बावची आहे. संस्कृतात बाकुची, कन्नडात बावंची. गावाकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात काळ्या बारीक बिया मिळतात त्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव यांच्या मार्गदर्शनाखाली गोवर्धन मेहता आणि यू. रामदास नायक यांनी हे द्रव्य वेगळे केले आणि १९६६ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. हे मेहता पुढे हैदराबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यानंतर पाच दशकांनी, २०१९ मध्ये, ४४ जणांवर बारा आठवडे एक तुलना झाली: अर्धा टक्का बाकुचिऑल दिवसातून दोनदा, विरुद्ध अर्धा टक्का रेटिनॉल एकदा. डाग आणि सुरकुत्या दोन्हीकडे सारख्याच उतरल्या, आणि कातडी सोलण्याचा त्रास रेटिनॉलवाल्यांना अधिक झाला. ४४ हा आकडा लहान आहे, एवढे मनात ठेवावे.

पण म्हणून बावची वाटून तोंडाला लावू नये, हे ठासून सांगितले पाहिजे. त्याच बीत सोरालेन नावाचे दुसरे द्रव्य आहे. ते बावचीतून १९३३ मध्ये जोईस, मंजुनाथ आणि वेंकटराव यांनी वेगळे केले. सोरालेन लावलेल्या कातडीवर ऊन पडले की ती भाजते, फोड येतात, मग काळी पडते. कोडाच्या पांढऱ्या डागांत रंग परत आणण्यासाठी आयुर्वेदाने बावची वापरली ती याच गुणामुळे, आणि ती वैद्याच्या देखरेखीखाली. बाटलीतले शुद्ध केलेले बाकुचिऑल सोरालेनपासून सोडवलेले असते. आपल्या खलबत्त्यात ते सुटत नाही. उटण्याच्या काही याद्यांत बावची आढळते. पुडीवर ते नाव दिसले तर ती पुडी बाजूला ठेवून दुसरी आणावी.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे वळतो. १९७५ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी भारतात फेअर अँड लव्हली बाजारात आली. त्याच वर्षी अमेरिकेत याच क्लिगमनने एका सहकाऱ्याबरोबर कातडीचा रंग उतरवण्याचे सूत्र प्रसिद्ध केले: हायड्रोक्विनोन ५ टक्के, ट्रेटिनॉइन ०.१ टक्का आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का. आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून फिंडले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कळवले, की हायड्रोक्विनोनची क्रीम वर्षानुवर्षे लावणाऱ्या बायकांच्या गालांवर निळेकाळे, खरखरीत, न जाणारे डाग पडत आहेत. गोरे व्हायला लावले आणि कायमचे काळे झाले. एकाच वर्षात आशा, नुसखा आणि इशारा असे तिघेही जन्मले. आपल्यापर्यंत पहिले दोन पोचले.

हायड्रोक्विनोनचे कूळही पाहण्यासारखे आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतील एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठले. शोध घेता ते त्यांच्या रबरी हातमोज्यांमुळे आल्याचे निघाले. रबर टिकावे म्हणून त्यात हायड्रोक्विनोनच्या घराण्यातले एक रसायन घातलेले होते. रंग घालवणारे द्रव्य असे एका अपघाताने प्रकाशात आले. दक्षिण आफ्रिकेने १९९० मध्ये सौंदर्यप्रसाधनांतून त्याला हद्दपार केले, युरोपने २००१ मध्ये.

क्लिगमनचे सूत्र मुळात वाईट नाही. वांगासाठी, मोजक्या आठवड्यांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली ते उपयोगी आहे. अमेरिकेने २००२ मध्ये अशाच तीन द्रव्यांच्या मलमाला परवानगी दिली ती आठ आठवड्यांच्या मर्यादेत. आपल्याकडे मात्र हेच तीन भावंडांचे मलम, स्टेरॉइडचे नाव बदलून, वीस-पंचवीस ग्रॅमच्या नळीत 'गोरे होण्याची ट्यूब' म्हणून घरोघर गेले. सीमाभागात दोन भाषांचे पटत नाही असे म्हणतात. सून गोरी हवी या एका कलमावर मात्र दोहोंचे पूर्ण एकमत आहे. पाहुणे बघायला यायचे ठरले की ट्यूब येते. पहिल्या आठवड्यात चमत्कार होतो, कारण स्टेरॉइड दाह दाबते आणि रंग उतरवते. मैत्रिणी विचारतात, ट्यूबचे नाव एकीकडून दुसरीकडे जाते. दोन-तीन महिन्यांत कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसू लागतात, नव्या पुटकुळ्या येतात, गालांवर लव वाढते, ऊन सोसत नाही. मलम थांबवले की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा लावावे लागते. दारू सोडताना होते तसेच हे.

हा एखाद्या घरातला अपघात नाही. भारतातील बारा त्वचारोग केंद्रांत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २९२६ रोग्यांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीच्या यादीत घातली. फेअर अँड लव्हलीनेही २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केले. कायदा झाला, नाव बदलले, पण चिठ्ठीवाचून ट्यूब देणारा हात तेवढ्याने थांबला असे नाही.

याहून वाईट म्हणजे पाऱ्याची क्रीम. ना कंपनीचा पत्ता, ना घटकांची यादी, डबी मात्र झगमगीत. भारताच्या २०२० च्या नियमांनी सौंदर्यप्रसाधनांत पारा घालण्यास मनाई आहे. तरी केरळात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या १५ रोग्यांपैकी १३ जण अशी क्रीम लावणारे निघाले, आणि २०२३ मध्ये अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींना क्रीममधील पाऱ्याने मूत्रपिंडाचा आजार झाल्याचे वृत्त आले. रंग उजळावा म्हणून लावलेले मलम लघवीची तपासणी करायला लावते, ते असे.

आपल्या घरांची एक वेगळी अडचण आहे. आई मराठी वाचते, मुले कन्नड शाळेत शिकतात, कोठे तेलुगू तर कोठे गुजराती. घरात दोन लिपी नांदतात आणि ट्यूबवर तिसरीच असते, तीही मुंगीच्या पावलांएवढी. म्हणून निदान चार नावे आपापल्या लिपीत लिहून भिंतीवरच्या दिनदर्शिकेला टाचून ठेवावीत: मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. यांतले एक जरी नाव चेहऱ्याच्या मलमावर दिसले आणि ते डॉक्टरने लिहून दिलेले नसेल, तर लावायला सुरुवात करू नये. आधीच महिनोन्महिने लावत असल्यास मात्र एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. कसे सोडायचे ते तोच सांगेल.

मग नवशिक्या मुलीने, किंवा मुलाने (मुरुमे मुलग्यांनाही येतात आणि ते बिचारे विचारायला लाजतात), करावे तरी काय? वरच्या साऱ्या इतिहासातून जे उरते ते फार थोडे आहे. पहिले पंधरा दिवस ते महिना क्रियाशील असे काहीच लावू नये. सकाळी सौम्य साबणविरहित क्लेन्झरने तोंड धुवावे, ओलावा टिकवणारे साधे क्रीम लावावे, त्यावर सनस्क्रीन. रात्री धुणे आणि तेच साधे क्रीम. आजीच्या स्नोचे काम आता हे क्रीम करते. ते हलके लेखू नये. तेलकट, मुरुमी चेहऱ्यावर खोबरेल तेल चोळू नये.

सनस्क्रीनची कथा थोडक्यात: फ्रान्झ ग्रायटर हा ऑस्ट्रियन विद्यार्थी १९३८ मध्ये पिझ बुइन शिखर चढताना उन्हाने होरपळला आणि १९४६ मध्ये त्याने आपले मलम काढले. एसपीएफ हा आकडा त्यानेच पुढे रूढ केला. ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के जाळणारे किरण अडवते, ५० एसपीएफ ९८. म्हणून पन्नाशीच्या वर जाण्यात पैसे घालवू नयेत. पण प्रयोगशाळेत हे आकडे कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम जाड थर देऊन काढलेले असतात. आपण लावतो त्याच्या निम्म्याहून कमी. दोन बोटांवर लांब रेघ ओढून तेवढे चेहऱ्याला आणि गळ्याला लावावे. वांग असणारीने लोहाचा रंग घातलेले, किंचित तपकिरी सनस्क्रीन घ्यावे. डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग वाढवतो आणि पांढरे मलम तो अडवत नाही. छत्री आणि डोक्यावरचा पदर यांनाही या हिशेबात जागा आहे.

एवढे अंगवळणी पडल्यावर एक द्रव्य निवडावे, एकच. डागांसाठी नायासिनामाइड, बुजलेल्या रंध्रांसाठी सॅलिसिलिक, मुरुमांसाठी किंवा वयासाठी रेटिनॉइड. आधी चार दिवस कानामागे लावून पाहावे. रेटिनॉल असेल तर रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, साऱ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे, आठवड्यातून दोनच रात्री. सोसले तर तीन. ज्या रात्री रेटिनॉल त्या रात्री आम्ल नाही. व्हिटॅमिन सी घ्यायचेच झाले तर सर्वांत शेवटी, कारण ते महाग, चंचल, आणि बाटली उघडल्यावर हवेने तपकिरी पडते. तपकिरी झालेले टाकून द्यावे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत कातडी थोडी सुटेल, मुरुमे जराशी वाढल्यासारखी वाटतील. तेवढ्याने घाबरून बाटली बदलली की पुन्हा पहिल्यापासून. आग, सूज किंवा फोड आले तर मात्र लगेच थांबावे.

कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलतो, आणि डाग उतरायला असे तीनेक महिने जावे लागतात. यंदा दिवाळीत साधे क्रीम आणि सनस्क्रीन, कार्तिकी पौर्णिमेनंतर एक द्रव्य, असे ठरवले तर ते लागू पडते आहे की नाही, याची खूण संक्रांतीच्या सुमारास दिसू लागेल आणि निकाल महाशिवरात्रीला कळेल. बाटली उघडल्याची तारीख तिच्या तळाशी पेनाने लिहून ठेवावी, ज्या लिपीत घरात सर्वांना वाचता येईल त्या लिपीत.